वीतभर अंतर

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका लहानशा दुकानात, टेबलाच्या कोपऱ्यावर माझी तीस वर्षं गेली. पत्र्याच्या पोकळ गोळ्यावर नकाशाच्या कागदी पट्ट्या चिकटवून मला घडवलं. चिकटवणाऱ्याचा हात जरा हलला, म्हणून एका समुद्रात मला सुरकुती आहे. विमानं तिच्यावरून बिनतक्रार जातात.

माझ्यापुढं बसलेला प्रत्येक माणूस दोन शहरांवर दोन बोटं ठेवून म्हणतो, "एवढंच? हे तर वीतभर आहे." तासांचा आकडा ऐकला, की तीच वीत त्याला लांबलचक वाटू लागते.

एकदा एक म्हातारे शिंपीकाका बायकोला घेऊन आले. परदेशात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, हृदयाचं ऑपरेशन होतं, गुरुवारी सकाळी आठला. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं. "आत नेण्याआधी एकदा तोंड दाखवून जा," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

थेट विमान नव्हतं. तिकीटवाल्या ताईनं दोन वाटा दाखवल्या. काकांनी गळ्यातली टेप काढली, माझ्या पोटाला लावून दोन्ही मोजल्या आणि निकाल दिला, "पहिली वाट दोन बोटं कमी भरते. हीच द्या."

"काका, तिथं मधल्या विमानतळावर अकरा तास बसावं लागेल. एकूण पंचवीस तास, म्हणजे गुरुवारची दुपार. दुसरी लांबून जाते, पण थांबा दोनच तासांचा. एकोणीस तासांत, पहाटे सहाला उतराल."

"पन्नास वर्षं कापड मोजलंय मी, ताई. टेप खोटं बोलत नाही."

"टेप नाही हो बोलत," काकू म्हणाल्या. "दुकानापासून आपलं घर दोनशे पावलं. आणि तुम्ही पोचता कधी? आधी न्हाव्याकडे तासभर, मग घड्याळवाल्याकडे तासभर. मी बसते वाट बघत. डॉक्टर नाही बसणार."

काका टेप बोटाभोवती गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती लांबची द्या."

महिन्याभरानं दोघं पुन्हा आले, नुसतं सांगायला.

"सातला तिच्या खाटेशी होतो, ताई. आता बरी आहे, नर्सना शिस्त लावतेय. मला बघितल्यावर हात धरून म्हणाली, किती रे लांबून आलास. आणि मला आकडाच आठवेना."

काकूंनी या खेपेला टोमणा मारला नाही.

आता अंतरं पडद्यावर दिसतात, आणि मी कपाटावर धूळ खातो. मित्रांनो, माझ्यासारखा गोल कुठं सापडला, तर ओल्या फडक्यानं पुसू नका, कागद सुटतो. अंतर खुशाल मोजा. पण पलीकडे कुणी वाट बघत असेल, तर किती लांब हे नंतर विचारा. आधी विचारा, कधी पोचू.