रद्द करण्यापूर्वी विचारा

गुरुदास स्वतः मसुऱ्याला आला आणि दारात चपला काढून उभा राहिला, तेव्हा किशोरीला आनंद झाला. तो आनंद काही चांगल्या जातीचा नव्हता. वर्षभर ती याच दिवसाची वाट पाहत होती आणि तो येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण या माणसाला स्वतःच्या हाताने धड काहीच करता येत नव्हतं.

मालवणात किनाऱ्याला लागून गुरुदासची लॉज. तिथे किशोरीने एआय एजंट बसवला होता. पाहुण्यांचे मेसेज तो वाचायचा, खोल्या द्यायचा, बुकिंग रद्द करायचा. गुरुदास त्याला ‘नवो गडी’ म्हणायचा. त्याचं बघून आणखी सहा लॉजवाल्यांनी किशोरीला काम दिलं. पोरीचं नाव झालं.

किशोरीच्या मसुऱ्यातच आंगणेवाडी; तिथल्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल होतो, मग ती जाहीर होते, आणि त्यानंतर तासाभरात मालवणात खोली मिळत नाही. गुरुदासची गड्याला कायमची सूचना होती: तारीख कळली की त्या दिवसांचे साधे पाहुणे काढायचे आणि खोल्या जत्रेवाल्यांना चढ्या भावाने द्यायच्या. किशोरीला ती सूचना आवडली नव्हती. म्हणून तिने एक कुलूप घातलं होतं. सेटिंगचं नाव होतं ‘रद्द करण्यापूर्वी विचारा’.

मालकाला गड्याने विचारायचं, हे गुरुदासला झोंबलं. त्याने किशोरीच्याच पासवर्डने कुलूप काढून टाकलं. तो पासवर्ड तिनेच दिलेला. आपल्याकडे शेजारणीला विळी द्यावी तसा पासवर्ड देतात. दोनच दिवसांत लॉजवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी जत्रेची खोटी तारीख टाकली. दरवर्षी कुणीतरी टाकतंच. माणसं हसून सोडून देतात, गड्याला हसता येत नाही. त्याने चौदा कुटुंबांना घरी बसवलं.

लॉजवाल्यांच्या बैठकीत गुरुदासने नोंद काढून दाखवली. कुलूप काढणाऱ्याच्या जागी नाव किशोरीचं.

“जत्रा हिच्या दारात भरता, आणि तारीख हिकाच म्हायत नाय,” तो चहा पीत म्हणाला. सगळे हसले. लॉजवाल्यांचा म्होरक्या जासिंतसुद्धा हसला. आठवड्याभरात सातही लॉजची कामं गेली आणि किशोरी बापाच्या दुकानात तांदूळ जोखायला बसली.

आता तोच गुरुदास ओटीवर बसून सांगत होता, की कोल्हापूरचा नवा माणूस सगळं अर्धवट टाकून पळाला. “झाला गेला इसर गो, किशोरी.”

“इसारलंय, काका,” ती म्हणाली. इतकं सरळ खोटं ती जन्मात बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॉजवर जाऊन तिने सगळं नव्याने लावलं. तेव्हा तिचे हात शिवशिवले. एक ओळ लिहिली असती तर गड्याने लॉजच्या सगळ्या खोल्या वर्षभर फुकट वाटल्या असत्या. पण मग नोंदीत पुन्हा तिचंच नाव आलं असतं. तिला त्याचं नुकसान नको होतं. तिला नोंदीत त्याचं नाव हवं होतं, त्याच्याच बोटाने लिहिलेलं.

म्हणून तिने काम अगदी चोख केलं. ज्याची त्याची वेगळी किल्ली, आणि मालकाची किल्ली फक्त मालकाच्या अंगठ्याने उघडणारी. कुलूप कुणी काढलं तर त्याचं नाव आणि वेळ तत्काळ लॉजवाल्यांच्या ग्रुपवर. बुकिंग रद्द झालं तरी पाहुण्याला निरोप दोन तासांनी, मधल्या वेळात तो अडवता येईल असा. गड्याने ग्रुपवरचे मेसेज वाचू नयेत, असं तिने सुचवून पाहिलं. “मगे तारीख कशी कळतली?” गुरुदास खेकसला. तिने ते तसंच ठेवलं.

नियम कागदावर लिहून ती वाचायला लागली.

“वाची नको गो. अंगठो खंय लावचो ता सांग.”

ती तरीही वाचत राहिली, सावकाश, शेवटपर्यंत. पुढे कुणी म्हणायला नको की पोरीने लपवलं. गुरुदास तेवढ्यात फोनवर कुणाला तरी सुरमई आणायला सांगत होता. मग त्याने अंगठा लावला.

पुढचे तीन आठवडे किशोरी रोज ग्रुप उघडून बघत होती. गडी गुरुदासला विचारत होता, त्याच्या जेवणात, त्याच्या वामकुक्षीत. हा माणूस किती दिवस टिकतो, एवढंच पाहायचं होतं.

एका मंगळवारी दुपारी ग्रुपवर आलं: ‘रद्द करण्यापूर्वी विचारा ही सेटिंग गुरुदास यांनी बंद केली. वेळ १२.४०.’

तीन वाजता कुणीतरी यंदाही जत्रेची खोटी तारीख टाकली. तीन वाजून पाच मिनिटांनी दुसरी ओळ आली: ‘नऊ बुकिंग रद्द. परवानगी विचारली नाही. कुलूप काढणारे: गुरुदास.’

किशोरी दुकानात एकटीच हसली. खाली जासिंतने लिहिलं होतं: ‘गुरुदास, गेल्या वर्साकपण तूच काय रे?’

फोन वाजलाच.

“किशोरी, ग्रुपवर सांग गो, तुझ्या हातान चुकान झाला म्हणान. तुका काय व्हया ता दितंय.”

“गेल्या वर्सा तुमी सांगलास तसा?”

त्याने विषय बदलला. “पावण्यांचा काय करूचा?”

“पावण्यांक निरोप पाच वाजता जातले,” ती म्हणाली. “ते अडवूचे कसे ता माका म्हायत आसा. तुमी आधी ग्रुपवर लिवा.”

“काय लिवू?”

“जा खरा आसा ता.”

“माझी अब्रू जातली गो.”

“माझी गेली तेव्हा तुमी चाय पीत होतास.”

तिने फोन ठेवला. ग्रुपवर गुरुदासच्या नावापुढे ‘टायपिंग’ दिसायचं आणि विझायचं. चार वाजले. सव्वाचार झाले. चार पस्तीसला तीन वाक्यं आली, तहसीलदाराला अर्ज द्यावा तशा मराठीत: ‘गेल्या वर्षी कुलूप मीच काढले होते. त्यासाठी किशोरीचा पासवर्ड वापरला. तिची काही चूक नव्हती.’

जासिंतने लगेच लिहिलं, ‘किशोरी, फाल्यां सकाळी माझ्याकडे ये गो, काम आसा.’ तिने उत्तर दिलं नाही. त्याचं हसणंही तिने ऐकलेलं होतं.

गुरुदासचा पुन्हा फोन आला. आवाज चिरकला होता. “लिवलंय. आता अडव.”

“अडवतंय,” ती म्हणाली.

अडवायला काही उरलंच नव्हतं. नऊही कुटुंबांचे निरोप तिने स्वतःच्या किल्लीने तीन वाजून सात मिनिटांनीच रोखले होते, त्याचा पहिला फोन येण्याच्याही आधी. हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगणारही नव्हती.