फादरच्या गळ्यातून उतरलेली

मी कॉलर बोलतेय. शर्टाची नव्हे, ती कुणीही धरतं, भांडणात तर आधी तीच धरतात. मी फादरची कॉलर. करड्या शर्टाच्या गळपट्टीत, कंठाच्या बरोबर खाली जो पांढरा तुकडा चमकतो ना, तेवढीच मी. पण रुबाब विचारू नका. मला पाहून मिरज स्टेशनातले हमाल बिडी पाठीमागे लपवायचे. एकदा तर कोल्हापूरकडून येणारी गाडी मला पाहून सिग्नलच्या आधीच थांबली होती. खोटं वाटत असेल तर इंजिनाला विचारा.

माझं खानदान रोमचं, असं मी चारचौघांत सांगते. खरं तर रोमची होती ती माझ्या आधीची. फादर इनास रहिमतपूरला एका घरी मिस्सा म्हणायला, म्हणजे आमची प्रार्थना चालवायला, गेले, आंघोळीला जाताना तिला खाटेवर ठेवून गेले, आणि घरच्या शेळीनं तिला खाऊन टाकलं. ती शेळी पुढं दर शुक्रवारी उपास धरायची, असं बिराप्पा शपथेवर सांगायचा.

बिराप्पा म्हणजे मिरजेत रेल्वेच्या चाळींमागं जे आमचं कॅथलिक चर्च आहे, त्याचा राखणदार. घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा, मिस्सेच्या वेळी पोरांचे कान पिळणारा. बाप्तिस्म्याचं नाव पीटर, पण पीटर म्हणून हाक मारली तर तो मागं वळून दुसऱ्या कुणाला तरी शोधायचा. फादरांचा गळा मोकळा बघवेना म्हणून त्यानंच फिनेलचा पांढरा कॅन कात्रीनं कापला, कडा दगडावर घासल्या, आणि मी जन्मले. माझ्या अंगाला अजून थोडा फिनेलचा वास येतो. मी तो पवित्र समजते.

फादर इनास वसईकडचे. उंच, किडकिडीत, कंठमणी पुढं आलेला. माझा संसार त्या कंठमण्याशी. प्रवचनाआधी तो एकदा खाली-वर व्हायचा, बिशपांसमोर दोनदा. कितीतरी वर्षं त्या गळ्यात मी सुखानं नांदले.

मग मिरजेच्या एका दवाखान्यात आमचा घात झाला. फादर आजाऱ्यांना भेटायला जायचे. तिथं करुणा वायदंडे नावाची नर्स होती, तासगावच्या प्रोटेस्टंट घरातली. ती समोरून ट्रे घेऊन आली की कंठमणी असा उसळायचा की मला धक्का बसायचा. फादरांना स्वतःला कळायच्या आधी मला कळलं होतं. कुठल्याही पहिल्या बायकोला ते आधी कळतंच.

पळून गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बिशपांना तोंडावर सांगितलं, फादरांना लग्न मना म्हणून रोमला सुटकेचा अर्ज केला, वाट पाहिली, मग लग्न केलं. त्र्याण्णव सालची गोष्ट. निघताना मला गळ्यातून काढलं आणि ट्रंकेत तळाला टाकलं. मुका घेतला नाही. नुसतं टाकलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या माणसाचा गळा मी एकदा तरी आवळणार.

फाटकात बिराप्पा उभा होता. त्यानं ट्रंक उचलायला हात लावला नाही.

"फादर, झगा काढशीला, गळ्यातलं काढशीला," तो म्हणाला. "पन ही दीक्षा म्हंजे गोंदान हाय. ते कसं काढनार तुमी? कातडं सोलनार?"

फादरांनी ट्रंक स्वतःच उचलली.

तासगावला सासुरवाडीत मात्र हार घालून स्वागत. सासरे भाऊसो वायदंडे रिटायर कंडक्टर आणि तिथल्या चर्चच्या मंडळीचे मुख्य वडील, म्हणजे कारभारी. कॅथलिक फादर आपल्या घरी जावई म्हणून आला, याचा त्यांना इतका आनंद की बेदाण्याच्या शेडवर गेले तरी आधी तीच बातमी आणि मग भाव. इनासनी बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडं कारकुनी धरली. आणि मी? करुणानं एकदा ट्रंक आवरली, तिला ही वीतभर पट्टी सापडली, आणि तिनं माझ्यानं परातीला चिकटलेली कणीक खरवडली. जाणूनबुजून की नकळत, देव जाणे. पुढं रोजचंच झालं. रोमच्या खानदानाची मी, आणि भाकरी-चपातीच्या परातीत लोळत होते. बदल्याच्या यादीत आता सवतही आली.

भाऊसोंचं स्वयंपाकघर आणि त्यांचं चर्च यांच्यामधे एक बोळ. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. त्या मंडळीची पाळकाची, म्हणजे त्यांच्यातल्या धर्मगुरूची, जागा रिकामी होती. भाऊसोंनी सगळ्यांना पटवून ती जावयासाठी ठरवून टाकली. अट एकच. रविवारच्या उपासनेत जावयानं उभं राहून साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे आपण आधी कुठल्या चिखलात होतो आणि प्रभूनं कसं बाहेर ओढलं, ते सगळ्यांसमोर सांगणं. इनासनी सांगायचं होतं की माझ्या त्या दीक्षेत काही नव्हतं, त्या हातांनी केलेलं सगळं फुकाचं होतं.

इनास म्हणाले, "मामा, मी लग्नासाठी ते सोडलं. ते खोटं होतं म्हणून नाही."

"आवं जावयबापू, मी जन्मभर यष्टीत कंडक्टर," भाऊसो म्हणाले. "रिटायर झालो, बिल्ला जमा केला. आता मी तिकीट फाडलं तर कोन घील? तुमचं बी तसंच. बिल्ला गेला, इषय मिटला. आन खरं सांगू का, देवाच्या गाडीला कंडक्टर लागतच न्हाई. ती फुकट हाय."

यावर जावयाला हसू आलं, आणि हसलेला माणूस अर्धा कबूलच असतो. पाळकाची नोकरी, राहायला घर, पुन्हा वेदीपुढं उभं राहायचं सुख. ते सुख त्यांना फार हवं होतं. तो गळा मी ओळखते.

ही बातमी मिरजेत बिराप्पाला पोचली, आणि माझ्यासारखाच डूख धरून बसलेला तो माणूस रविवारच्या पहाटे एसटीनं तासगावला, आपल्या बहिणीकडं, शालूबाईकडं येऊन पडला.

उपासना सुरू झाली. गाणी झाली. भाऊसोंनी जावयाचं नाव पुकारलं. इनास पुढं गेले, उभे राहिले, आणि त्याच क्षणी शालूबाई पदर सावरत धापा टाकत चर्चमधे शिरली.

"फादर, बिराप्पा चालला," ती म्हणाली. "मिरजेचं नवं फादर पुण्याला गेल्यात, बिशपांच्या बैठकीला. तुमालाच बोलीवतोय. गळ्यात पांढरं दिसल्याबिगर तोंड उघडनार न्हाई म्हनतोय."

आता इथं आमचा कायदा सांगायला हवा, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. फादरकी सोडलेल्या माणसाला आमच्यात मिस्सा म्हणता येत नाही, कुणाचं पापनिवेदन ऐकता येत नाही. पण समोरचा मरायला टेकला असेल तर ऐकता येतं, आणि त्या माणसानं दिलेली क्षमा पोपसाहेबांनी दिल्याइतकीच पक्की. कारण दीक्षेचा ठसा पुसत नाही. मरणाऱ्याला नाही म्हणायचं, तर इनासला आपल्या पोटातल्या देवाला नाही म्हणावं लागलं असतं.

भाऊसो दारात आडवे झाले. "त्याचं पाप त्यानं थेट देवाला सांगावं. मधी तुमी कशाला? आन त्यो तुकडा गळ्यात घालून गेलासा, तर या दारातनं पाळक म्हनून परत यायचं न्हाई."

इनास त्यांच्या बाजूनं वाट काढून बाहेर पडले. मला आणायला करुणा धावली. परातीतून उचललं, नळाखाली धरलं, कणीक पुरती निघालीही नाही. पांढऱ्या शर्टाला गळपट्टी नव्हती, म्हणून बोळातच तिनं सेफ्टी पिननं मला त्यांच्या गळ्याशी टाचलं. सवतीच्या हातानं मी पुन्हा घरी आले. आणि आल्या आल्या सगळी धार एकवटून त्यांच्या कातड्याला चावले. रक्त आलं. मला फार बरं वाटलं.

शालूबाईच्या पडवीत बिराप्पा गोधडीखाली कण्हत होता. निम्मी मंडळी मागोमाग आली, भाऊसो सगळ्यांत पुढं. करुणानं सवयीनं त्याचं मनगट धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, त्याच्या मिटल्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि काही न बोलता सगळ्यांना अंगणात घालवलं.

आत काय बोलणं झालं ते सांगणार नाही. चहाडखोर मी असेन, पण पापनिवेदनातलं बाहेर नेत नाही. शेवटी फादर मोठ्यानं म्हणाले ते अंगणातही ऐकू गेलं: "प्रायश्चित्त बाकी ठेवतो. उठलास तर सांगीन." मरणाऱ्याला असंच सांगतात. मग त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले, क्रुसाची खूण केली, आणि त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत माझ्या गळ्याचा आवाज मी कधी फुटताना ऐकला नव्हता.

बिराप्पानं गोधडी बाजूला सारली. "शालू, चा टाक," म्हणाला, आणि मुंडासं बांधत अंगणात आला. "काय कंडक्टर, बघितलासा न्हवं? बिल्ला जमा केलेल्या मानसानं तिकीट फाडलं. आन फाडताना डोळ्यातनं पानी काढलं."

भाऊसोंचा चेहरा असा झाला की तो पाहायला मी पुन्हा फिनेलच्या कॅनमधे जन्म घेईन. जावयाकडं न बघता ते म्हणाले, "संपलं," आणि मंडळीला घेऊन चालू लागले. बोळापर्यंत गेले, पण मागं काय चाललंय ते ऐकायला थांबले.

इनास पडवीतून बाहेर आले. "खोटं मरून काय मिळवलंस रं?"

बिराप्पाचं हसू गेलं. "माझी तायव्वा तुमच्या हातावर गेली, फादर. तुमी तिच्या कपाळाला शेवटचं तेल लावलंत. क्षमा केलीत. आज तिथं हुबं ऱ्हाऊन तुमी म्हनला असता, त्यात काय नव्हतं. मग माझी बायको गेली कुटं? तेवढं मला सांगून जावा, आन मग व्हा पाळक न्हाईतर कायबी."

 इनासनी बराच वेळ माझ्यावरून बोट फिरवलं. कणकेचा वाळका कण निघाला तो झटकला. मग त्यांचा कंठमणी एकदा वर गेला, आणि मला कळलं की आता कुणाचं तरी खरं नाही.

"तुझं प्रायश्चित्त बाकी आहे," ते म्हणाले. "वर्षभर, दर रविवारी, सकाळची मिस्सा झाली की एसटी पकडायची, आणि मामांच्या उपासनेला पहिल्या बाकावर बसायचं. प्रवचन संपेपर्यंत. झोपायचं नाही."

"आवं फादर, प्रोटेस्टंटांत? ह्या कंडक्टरम्होरं?"

"मी फादर आहे ना? का नाही? तूच ठरव."

बिराप्पा कात्रीत सापडला. नाही म्हणावं, तर फादर फादर राहत नाहीत, तायव्वाचं तेल वाया जातं. हो म्हणावं, तर वर्षभर भाऊसो. शालूबाई चहाचं भांडं हातात घेऊन हसू दाबत उभी होती. बोळातून भाऊसोंचा आवाज आला, "आमच्यात? त्यो?" पण देवाच्या घरी येणाऱ्याला अडवायचं नाही, हे शिकवण्यात त्यांचाच जन्म गेलेला.

तेव्हापासून पाळक मिळेपर्यंत भाऊसोच प्रवचन करतात. मुद्दाम पोपवर घसरतात, मुद्दाम लांबवतात. बिराप्पा पहिल्या बाकावरून नको तिथं आमेन म्हणतो, आणि सगळे बसलेले असताना एकटाच गुडघे टेकतो. दोघांच्याही तोंडावर रविवारी काय कळा असते, ते करुणा घरी येऊन सांगते तेव्हा मी ऐकून घेते.

पाळकाची जागा गेली. इनास अजून बेदाण्याचीच कारकुनी करतात. माझा सूड पुरा झाला, असं मला वाटत होतं. त्या रविवारी दुपारपर्यंत.

दुपारी करुणानं त्यांच्या गळ्यावरच्या जखमेला औषध लावलं. मी शेजारी पाटावर. लावता लावता ती म्हणाली, "नाडी बघितली व्हती मी त्याची. घोड्यागत पळत व्हती."

इनासनी तिचा हात थांबवला. "मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुमी माघारी जाऊन साक्ष दिली असती. माझ्या वडलांची मर्जी राहिली असती, घर मिळालं असतं. आन मग जन्मभर माझ्या तोंडाकडं बगून तुमी तेच आठवत बसला असता." तिनं कापूस टाकला. "मी नवरा केलाय. खोटं बोलायला लावलेला मानूस न्हाई केला."

ती उठली, मला धुतलं, पुसलं, आणि कपाटात तिच्या नर्सच्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या टोपीखाली ठेवलं. "कुनी खरंच मरायला टेकलं तर जावा," म्हणाली. "मला इचारू नका. पन ही मागायची माझ्याकडं. किल्ली माझ्याजवळ ऱ्हाईल." परातीसाठी तिनं बाजारातून उलथनं आणलं.

तेव्हापासून मी इथं आहे. ज्या गळ्याचा सूड घ्यायला मी जगले, तो तिनंच मला हाती दिला होता, आणि आता तो पुन्हा मिळायचा तर तिच्या परवानगीनं. सवतीचे उपकार घेऊन मला जगायचंय. याहून मोठा सूड माझ्यावर कुणी घेतला नसता, आणि तिला तो घेतल्याचंही ठाऊक नाही.

मला बाहेर यायला एकच वाट आहे, कुणाचं तरी मरण. म्हणून मिरज-तासगावकडच्या लोकांनो, हात जोडून विनंती आहे. आजारी पडा, पण बिराप्पासारखे नका पडू, मनापासून पडा. आणि मिरजेच्या फादरांचं पुण्याला जाणं कधी आहे तेवढं बघून पडा.

हल्ली पलीकडच्या खोलीत भाऊसो सकाळी फार खोकतात. देवाच्या गाडीला कंडक्टर लागत नाही, हे त्यांचं मत अजून पक्कं आहे. बघू किती दिवस राहतं. मी टोपीखाली कान देऊन बसलेय.