टिटवीच्या सत्ताविसाव्या भागाचा हॅझॉप

कौस्तुभने भोंगा बंद केला आणि सौदीतल्या जुबैलमधली बावीस मराठी कुटुंबं एका दुपारी भडकली.

कौस्तुभ हा 'टिटवी' नावाच्या अंतराळयानाचा मुख्य इंजिनीयर. यान, कौस्तुभ, कप्तान समरजित आणि वाटेत लागलेले अकरा ग्रह, हे सगळं विभाचं. विभा रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. इथे तिच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मात्र 'नोकरीस परवानगी नाही' असा शिक्का. गोष्ट लिहायला परवानगी लागते का, हे तिने कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तेव्हा दर गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या पहिल्या दिवशी, ती एक भाग लिहून इथल्या मराठी मंडळाच्या ई-मेल गटावर टाकायची आणि लोक शनिवारी तो कंपनीच्या कागदावर छापून घ्यायचे.

सव्वीस भागांत कौस्तुभने सगळ्यांना जिंकलं होतं. कारण उघड आहे. वाचणारे सगळे इंजिनीयर, आणि इंजिनीयर नायक असलेली दुसरी गोष्ट त्यांनी जन्मात वाचली नव्हती. बायकांना तो आवडायचा, कारण समोरच्याचं बोलणं तो पूर्ण ऐकून घ्यायचा.

सत्ताविसाव्या भागात परग्रहाचा राजा यान पाहायला येतो. नेमका तेव्हाच उकळत्या पाण्याच्या टाकीचा भोंगा अधूनमधून कोकलत असतो. कप्तान म्हणतो, "पाहुण्यांसमोर ही कटकट नको." कौस्तुभ भोंगा बंद करतो आणि पुन्हा चालू करायला विसरतो. टाकी उतू जाते, एक खलाशी भाजतो. चौकशीत कौस्तुभ लिहून देतो, 'भोंगा चालू होता, खलाशाने दुर्लक्ष केलं.' खलाशाला एका ओसाड चंद्रावर उतरवून यान पुढे जातं.

आता या गोष्टीतला राजा, चंद्र आणि यान वगळलं तर उरतं ते आमच्या कारखान्यात घडलं होतं. राजाच्या जागी रियाधहून आलेले सुरक्षा तपासनीस होते. भोंगा बंद करायला तोंडी सांगणारे दीनानाथसाहेब, आमचे सुरक्षा प्रमुख आणि मंडळाचे अध्यक्षही. बंद करणारा उन्मेष, पाळीचा इंजिनीयर आणि विभाचा नवरा. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला ऑपरेटर म्हणजे हारून मुकादम, दापोलीजवळचा. चौकशीने ठपका त्याच्यावर ठेवला. त्याच्या कफीलने, म्हणजे त्याला इथे आणणाऱ्या मालकाने, फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं परत पाठवायचे, कागद तयार केले आणि येत्या बुधवारचं विमान सांगितलं. खरं काय झालं ते उन्मेषने एकदा जेवताना विभाला सांगितलं आणि वर म्हणाला, "आता काय करणार?" विभाने सत्ताविसावा भाग लिहिला. उन्मेषने तो इतरांबरोबर गटावरच वाचला.

हारून भाजला यापलीकडे बाकीच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा राग शुद्ध साहित्यिक होता.

"हा आमचा कौस्तुभ नव्हे," उदयने लिहिलं. उदय इन्स्ट्रुमेंट इंजिनीयर. त्याला राग आला की तो मुद्द्यांना नंबर देतो. त्या पत्रात एकोणीस मुद्दे होते. कुणी लिहिलं, हा इंजिनीयर जमातीचा अपमान आहे. कुणी लिहिलं, विभाने आधी नवऱ्याला विचारून घ्यायचं, खरा इंजिनीयर असं करतो का. त्या पत्राला उन्मेषचं उत्तर आलं नाही.

शेवटी दीनानाथसाहेबांनीच तोडगा काढला: दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, त्यांच्या व्हिलावर या भागाचा हॅझॉप करायचा. हॅझॉप म्हणजे कारखान्यातली एक सभा. एकेक नळी घ्यायची आणि विचारायचं, यातला प्रवाह 'नाही'सा झाला तर? 'जास्त' झाला तर? 'उलटा' झाला तर? मग कारण लिहायचं, परिणाम लिहायचा, शिफारस लिहायची. साहेबांचा समित्यांवर गाढ विश्वास. आजवर एकाही समितीने त्यांना दगा दिला नव्हता. सभा भाग मागे घ्यायला सांगेल, विभा घेईल आणि विषय खलास, असा त्यांचा हिशेब.

नोंदी करायला मला बोलावलं. मी कारखान्याचा कागदवाला. प्रत्येक कागदाला नंबर देणं आणि ठरलेल्या यादीप्रमाणे वाटणं हे माझं काम. कागदात काय लिहिलंय ते वाचणं माझं काम नाही. ती माझी खोड आहे.

शुक्रवारी तीन वाजता दिवाणखाना भरला. साहेबांच्या पत्नी हेमलताकाकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. उन्मेष दाराजवळच्या खुर्चीत बसला, विभा समोरच्या भिंतीशी. दोघांच्या मध्ये एवढे लोक होते की ते एकाच गाडीतून आले असतील असं कुणाला वाटलं नसतं.

"पहिली नळी," साहेब म्हणाले. "कौस्तुभचा प्रामाणिकपणा. शब्द: 'नाही'. कारण?"

"कारण लेखिकेची लहर!" उदय तयारच होता. "सव्वीस भाग माणूस सरळ आणि सत्ताविसाव्यात एकदम खोटा? मध्ये वायरच नाही, विभा!"

"वायर आहे," विभा म्हणाली. "तिसऱ्या भागात कप्तान चुकीची दिशा सांगतो. कौस्तुभला कळतं. तो गप्प बसतो. नवव्या भागात कप्तान त्याचा शोध स्वतःच्या नावावर खपवतो. कौस्तुभ गप्प. चौदाव्यात स्वयंपाक्याला विनाकारण कोंडतात, तेव्हाही गप्प. आणि तुम्ही सगळ्यांनी मला लिहिलंत, काय संयमी आहे हो! उदय, तू तर लिहिलंस, आमच्या हिने याच्याकडून शिकावं. पत्रं आहेत माझ्याकडे."

उदयच्या बायकोने खिचडीची ताटली खाली ठेवली. "असं लिहिलंस?"

"दुसरी नळी," साहेब घाईने म्हणाले. "निष्ठा. शब्द: 'जास्त'."

"जास्त निष्ठेने काय बिघडतं?" मागून कुणीतरी.

"टाकी उतू जाते," विभा म्हणाली.

"हे बघा विभावहिनी," साहेबांचा आवाज चढला. "कप्तान जबाबदार माणूस आहे. त्याला शंभर व्यवधानं. तो तोंडी काहीतरी बोलला असेल, नसेल. लेखी आहे का? जे लेखी नाही ते सांगितलंच नाही!"

"हे वाक्य कप्तानाच्या तोंडी घालायचं राहिलं होतं. भाऊसाहेब, जरा लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. हेमलताकाकू नवऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना बरंच कळलं असावं, कारण त्यांनी साहेबांना खिचडी वाढायचं थांबवलं.

इतक्यात दार वाजलं आणि हारून आत आला. हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी. टिटवीचे सव्वीस भाग कंट्रोल रूममधल्या मराठी पोरांना मोठ्याने वाचून दाखवणारा तोच. त्याला बसायला जागा द्यायला तिघं उठले. साहेब उठले नाहीत.

"बसत नाय," हारून म्हणाला. "वैनी, मी तुमच्याशी भांडाया आलोय."

विभाचा चेहरा उतरला. "माझ्याशी?"

"मग कोणाशी? हे लोक कौस्तुभ, कौस्तुभ करतायत. मी म्हणतो, तुमचा खलाशी बघा. त्याला एकट्याला चंद्रावर टाकतात आणि तो काय बोलतो? 'माझ्या नशिबात असेल ते.' डोळे मिटतो. ह्याला काय अर्थ हाय? कोण बोलतो असा? मी तर नाय बोललो. मी फोरमनला बोललो, कफीलला बोललो, इस्पितळातल्या भिंतीला बोललो. अरबी शिव्या येत नव्हत्या, त्या शिकून घेतल्या आन दिल्या."

"मला वाटलं, वाचणाऱ्यांना त्याची दया यावी," विभा म्हणाली.

"दया आली ना सगळ्यांना. मग काय झालं? तुम्ही त्याला पीर केलात, वैनी. पिरावर लोक चादर घालतात. नोकरी परत देत नाय कोण."

कोणाच्या नोकरीबद्दल बोलणं चाललंय, ते एकेकाच्या ध्यानात येत होतं. सर्वात शेवटी येणार होतं ते उदयच्या.

"आन अजून एक," हारून म्हणाला. "तो खलाशी विचारत का नाय, भोंगा वाजला म्हणता तर कागद दाखवा? मी विचारलं चौकशीत. दीनानाथसाहेब बोलले, असा कागद नसतो."

"नसतो?" उदय ताडकन उठला. "नसतो कसा? मी कालपासून तेच लिहितोय, मुद्दा नंबर सात! गोष्टीला हे एवढं भगदाड पडलंय आणि कुणी बघतच नाही! भोंगा बंद केला की यंत्र आपोआप नोंद करतं. किती वाजता, कुठला भोंगा, कुणाच्या पासवर्डने. कुणाच्या बापाला खोडता येत नाही. आपल्या इथल्या टिनपाट टाकीलासुद्धा ही सोय आहे, इंजिनीयरच्या टेबलावर बटण दाबलं की पान बाहेर! आणि तुमच्या यानाला नाही? प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या?"

"अशी नोंद असते?" विभाने विचारलं. प्रश्न उदयला होता, नजर दाराजवळच्या खुर्चीकडे. "मला कुणी सांगितलं नाही."

उन्मेष जमिनीकडे बघत होता.

"असते म्हणजे? तीस दिवस राहते. मग जुनीवर नवी चढते आणि गेली."

"आज सव्विसावा दिवस," हारून म्हणाला.

उदय तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मग त्याने हारूनच्या पट्टीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "अरे," तो म्हणाला. त्या मुद्द्याला त्याने नंबर दिला नाही.

"चला, चहा घेऊ," दीनानाथसाहेब म्हणाले. "हेमलता, चहा. सभेची शिफारस: भाग मागे घ्यावा. भाऊसाहेब, लिहा."

"चहा संपलाय," हेमलताकाकू म्हणाल्या. ओट्यावर चहाचं पातेलं उकळत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

मी कागद पुढे ओढला. "साहेब, भाग मागे घेतल्याने भगदाड बुजत नाही. उदयच्या मुद्द्याला शिफारस लागेल. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"यंत्राची नोंद काढून पाहावी," उदय म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच लहान झाला होता.

"कुणी?"

त्या खोलीत चौदा इंजिनीयर होते. बरेच जण खिचडीतले दाणे निरखू लागले.

"मी," उन्मेष म्हणाला. "माझं नाव लिहा. पासवर्ड माझाच आहे."

"कधीपर्यंत?"

"उद्या. आणि भाऊसाहेब, कुणाच्या सांगण्यावरून, असा रकाना आहे का?"

"'कारण' असा आहे."

"मग त्यात लिहा." त्याने नाव सांगितलं. मी लिहिलं. साहेब काहीतरी ओरडले, तेही लिहून घेतलं. नोंद पूर्ण असावी.

हारून उन्मेषसमोर जाऊन उभा राहिला. आता मिठी मारतो की काय, असं काहींना वाटलं असावं. हारून म्हणाला, "साहेब, तुमच्यासोबत चार वर्षं काढली मी." एवढंच बोलून निघून गेला. विभाने पर्स उचलली. नवऱ्याजवळून जाताना ती म्हणाली, "सव्वीस दिवस लागले." गाडीची किल्ली तिने त्याच्यासमोर धरली, इथे बायकांना गाडी चालवता येत नाही, नाहीतर त्या दिवशी उन्मेष चालत घरी गेला असता.

शनिवारी सकाळी माझ्या टेबलावर हॅझॉपचा तो कागद होता. फॉर्म कंपनीचा, इंग्रजी. मीही सवयीने इंग्रजीतच भरला होता. त्याला नंबर नव्हता. बिननंबरी कागद मला पाहवत नाही. मी नंबर दिला. नंबर दिला की यादीप्रमाणे वाटावा लागतो. वाटला. यादीत कारखान्याचे सौदी मॅनेजर होते, रियाधचं ऑफिस होतं, विमा कंपनी होती. उन्मेषने सकाळीच आणून दिलेलं यंत्राचं पानही जोडलं: भोंगा क्रमांक, सकाळी दहा बेचाळीस, त्याचं नाव. हॅझॉपच्या कागदावर यंत्राच्या रकान्यात 'टिटवी' लिहिलं होतं. आमच्याकडे पंपांना याहून चमत्कारिक नावं आहेत, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

चार वाजता साहेबांचा फोन आला. "भाऊसाहेब! तो कागद मागे घ्या! आत्ताच्या आत्ता!"

"त्याला वेगळा फॉर्म आहे, साहेब. सुरक्षा प्रमुखांची सही लागते."

"मीच आहे सुरक्षा प्रमुख!"

"म्हणून तर सोपं आहे. फक्त कारण लिहायचं."

फोन आपटल्याचा आवाज आला. फॉर्म आला नाही.

मंगळवारी हारूनचं फायनल एक्झिट रद्द झालं. बुधवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. उन्मेषला ताकीद मिळाली, दोन वर्षं बढती बंद, आणि बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला, यान्बूला. दीनानाथसाहेबांना वर्षअखेरीस सुरक्षेची ढाल मिळाली, कारण एवढी गंभीर चूक उघडकीस आणणारी सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली होती. प्रशस्तिपत्राला नंबर मीच दिला. देताना पेनाचं टोक मोडलं. ते मात्र मी कुठे नोंदवलं नाही.

अठ्ठाविसाव्या भागात खलाशी चंद्रावरून परत येतो आणि दीड पान शिव्या देतो. त्यावर गटात पुन्हा भडका उडाला: ही भाषा घरात वाचण्यासारखी नाही, भाग मागे घ्या. विभाने एकाच ओळीचं उत्तर पाठवलं, त्यासाठी हॅझॉप बोलवा. कुणी बोलावला नाही.

हारून परत कामावर आला त्या दिवशी पहिल्या पाळीत त्याने टाकीचा भोंगा तपासला. नियमाप्रमाणे तो पाच सेकंद वाजवून पाहायचा असतो. साहेबांचं ऑफिस कंट्रोल रूमच्या बरोबर वर. हारूनने तो किती वेळ वाजवला, याची नोंद यंत्रात आहे. तीस दिवसांच्या आत कुणीही जाऊन बघावी.