आखडलेला हात

मलिहा मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवते. मेल्यावर अंग का ताठतं, हे तिनं नववीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून कितीदा तरी सांगितलंय. पण गावी, जानेफळला, अम्मीची मय्यत समोर आली आणि ते सगळं विज्ञान पार कुठल्या कुठे गेलं.

अम्मी पहाटे झोपेतच गेली, कुशीवर. दुपारपर्यंत उजवा हात छातीशी आखडून लाकूड झाला होता, मूठ घट्ट. आदल्या संध्याकाळी तिनं फोन करून लेकीला बोलावलं होतं आणि ‘पेपर तपासायचेत, रविवारी येते’ म्हणून मलिहानं टाळलं होतं. त्यात शेजारच्या पुष्पाबाई! मनानं चांगल्या, पण तोंडाला लगाम नाही. "लेकीवर रुसून गेली माय. मूठ पाहा ना कशी आवळली!"

मलिहाला ते खरंच वाटलं.

तेवढ्यात गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालायला, नूरबी खाला आली. सत्तरीची, काडीसारखी, साऱ्या गावाची मावशी. "रुसून काऊन जाईन वो?" तिनं पुष्पाबाईंना झापलं. "चाळीस वर्षं झाले मय्यती न्हाऊ घालून राह्यली मी. हासत गेलेल्या बायाबी अशाच आखडतात. हात सैल सोडालेबी ताकद लागते. ते सरली, का हात तिथंच धरून बसते."

मलिहा बघतच राहिली. स्नायूला आवळायला शक्ती लागते, हे कुणालाही पटतं. सुटायलाही लागते, हे पोरांच्या गळी उतरवता उतरवता ती घामाघूम व्हायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं ते नुसत्या बोटांनी ओळखलं होतं. काय बाई आहे ही!

पडदा लावला. खाला कोमट पाणी ओतत खांद्यापासून चोळत खाली आली. ओढणं नाही, झटका नाही. मेलेल्या माणसालाही दुखतं असं धरूनच तिचे हात चालत होते. मग मलिहाचा हात तिनं अम्मीच्या कोपरावर ठेवला. "तू कर. घाई नोको करू."

बऱ्याच वेळानं कोपर हललं. हात सरळ झाला, बोटं एकेक करून उघडली.

"आता नाही आखडत परत," खाला म्हणाली.

"खाला, खरंच रुसली नव्हती ना?"

नूरबीनं तांब्या खाली ठेवला.

"तुही नानी गेली तवा तिचाबी हात असाच होता. तुह्या अम्मीनंबी मले हेच इचारलं होतं. आदल्या दिवशी माय बलावत होती, पण हिचं येनं राहून गेलं. तुले ताप होता म्हणून."