वनमालाबाईंचा आवाज माझ्या पोटात

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या बाहेर असते, वायरीने जोडली की घुरघुरते आणि दिलेलं सगळं पोटात ठेवते. मित्रांनो, हल्ली माझ्यासारखीला कोणी फारसं विचारत नाही. पण चारकोपच्या ज्या घरात मी राहते, तिथे माझा थाट काही औरच आहे. तो मला फुकट मिळालेला नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बोरिवलीच्या दुकानातून हर्षदने मला घरी आणलं. भावाच्या लग्नाचं शूटिंग, सिनेमे, गावच्या जत्रेचे फोटो, जे आलं ते मी घेतलं. ‘केवढं मावतं गं हिच्यात!’ असं शेजारच्या नीलमताई म्हणाल्या, तेव्हा मी भलतीच फुशारले होते. पुढे फोनमध्येच सगळं मावू लागलं आणि माझी रवानगी टीव्हीखालच्या खणात झाली, बिघडलेल्या चार्जरांच्या आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी. मला अपमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं श्रुतिकाने, हर्षदच्या वहिनीने. अंध मुलांसाठी ती पुस्तकांचं वाचन रेकॉर्ड करते. दाराला गोधडी टांगायची, पंखा बंद, कुकर बंद, आणि मग वाचन सुरू. इतिहासाचं एक पुस्तक तिने दोन वर्षांपूर्वी चेंबूरच्या वनमालाबाईंकडून वाचून घेतलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका. लढाईचं वर्णन त्यांनी करावं आणि ऐकणाऱ्याने जेवण विसरावं. पण त्यानंतर बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. त्या रेकॉर्डिंगची काटछाट अजून राहिलेली होती. मूळ वाचन एकाच जागी होतं, श्रुतिकाच्या लिनक्स संगणकात. तो संगणक बिघडला असता, तर बाईंचा आवाज पुन्हा कुठून आणणार? म्हणून तिला बॅकअप हवा होता.

“टाइमशिफ्ट प्रोग्राम टाक ना, वहिनी,” हर्षद म्हणाला.

“ते सिस्टिम सांभाळतं रे. माझ्या फाइली ते आपणहून घेत नाही.”

“मग आरसिंक. मी कमांड लिहून देतो. संगणकात जे आहे तेच हुबेहूब डिस्कवर. तिकडे पुसलं की इकडेही साफ. एकदम झकास.”

“आणि चुकून काही पुसलं गेलं, आणि आठवड्याने कळलं तर?”

हर्षदने डोकं खाजवलं. “मग वाट लागली. म्हणजे आरसिंकला जुनं ठेवायला सांगता येतं, पण ते जुळवत बसावं लागेल.”

“मला मुळातच कालचं, परवाचं ठेवणारं दे.”

शेवटी बोर्ग नावाचा प्रोग्राम ठरला. तो रोजची प्रत तारखेनिशी वेगळी ठेवतो, आणि जे बदललं नाही ते पुन्हा साठवत नाही, म्हणून माझं पोट फुगत नाही. श्रुतिका मात्र एवढ्यावर थांबली नाही. तिने एक धडा माझ्याकडून परत मागितला आणि शेवटपर्यंत ऐकला. मी परीक्षेला बसल्यासारखी घाबरले होते. धडा नीट वाजला, तेव्हा कुठे तिने मान हलवली.

मग खंडेनवमी आली. श्रुतिकाचे सासरे, नाना, गिरणीतून निवृत्त झालेले. पूजेच्या दिवशी यंत्र लखलखीत हवं, हा त्यांचा हट्ट. आदल्या दिवशी त्यांनी शिलाईयंत्र पुसलं, मिक्सर पुसला आणि मग ज्यावर ते भजनं लावत, त्या श्रुतिकाच्याच संगणकाकडे वळले. पडद्यावरची धूळ पुसून झाली. आत दोन वर्षांपूर्वीच्या फाइली दिसल्या, त्याही त्यांनी काढून टाकल्या, वर कचरापेटीही रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. मी आपली खुशीत होते.

दसरा उलटून बरेच दिवस झाल्यावर घाटकोपरच्या अंधशाळेतून संघमित्राचा फोन आला. ती तिथे शिकवते. “ते इतिहासाचं पुस्तक सुट्टीआधी देशील ना? पोरं रोज विचारतात गं.” श्रुतिकाने संगणक उघडला आणि तिचा चेहराच उतरला. पुस्तक नव्हतं.

नाना बावरून म्हणाले, “गिरणीत पूजेआधी कापडाचो साचो रिकामो करूचो लागता. तसाच मियां हयसर केलंय.”

हर्षद माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या कमांडने मी चालले असते, तर त्याच संध्याकाळी माझ्या हातूनही तो आवाज पुसला गेला असता.

श्रुतिकाने मला जोडलं आणि खंडेनवमीच्या आधीची प्रत मागितली. मी जीव तोडून फिरले. एकेक धडा परत जाऊ लागला, पहिला, दुसरा, अगदी शेवटचासुद्धा. तिने मधलाच एक वाजवला. घरभर वनमालाबाईंचा खणखणीत आवाज घुमला आणि नाना खुर्ची ओढून ऐकायला बसले. “मिळाला,” श्रुतिका म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. त्या क्षणी मुंबईत माझ्याइतकं श्रीमंत कोणी नव्हतं.

पुस्तक तयार झाल्यावर ते घेऊन आम्ही घाटकोपरला गेलो. श्रुतिकाने हट्टाने मलाही सोबत घेतलं. वनमालाबाई मुलांच्या मध्ये बसल्या होत्या. धडा रंगला, गड वेढला गेला आणि नेमकं तिथेच श्रुतिकाने प्लेअर थांबवला. शेजारच्या मुलीने बाईंचा हात चाचपून धरला. “बाई, पुढे काय झालं? सांगा ना.”

बाईंनी ओठ हलवले. मग हात लांब करून प्लेअरचं बटण दाबलं, आणि त्यांनी स्वतःच पुढचं सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा आवाज असेल. आजच त्याची प्रत करा, आणि कालची प्रत पुसू नका.