सुलतानचे केस

एक गोचीड सापडली की बाकीचे हात धुऊन मोकळे व्हायचे. मर्ल टकवेल तेव्हा कुठे बाह्या वर सारायची.

नदीच्या मुखाशी असलेल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं नर्स होती. शाळा नववीतच सुटली, पण कुत्र्याचं अंग तिची बोटं घडाघडा वाचायची. त्या किनाऱ्यावर वसंत आला की झाडीतल्या गोचिडी कुत्र्यांना धरतात. त्यांचं विष चढलं की आधी मागचे पाय जातात, मग आवाज, मग श्वास.

सुलतान सोमवारी सकाळी आला तो चादरीत उचलूनच. अफगाण जातीचा, भुईला टेकणारे रेशमी केस, आणि उभं राहायची ताकद नाही. नवा डॉक्टर फिन हार्ग्रीव्ह याने त्याच्या कानामागची टपोरी गोचीड काढली, विषावरचं औषध शिरेतून सोडलं. मर्ल म्हणाली, आता सगळा भादरायचा, एक असते तिथे दुसरी असते. सुलतानची मालकीण मिसेस पिंकॉम्ब यांचा चेहरा असा झाला, जसं काही हिने त्यांनाच भादरायला मागितलं. शनिवारी जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. कुत्रा तोवर बरा झाला नाही तर पुढचं होतं, त्याच्यापुढचं होतं. पण असे केस वाढायला चार वर्षं लागली होती. फिनने त्यांचीच री ओढली. केस कापायच्या मशीनच्या आवाजाने कुत्रा घाबरेल, श्वास आणखी बिघडेल, केस बाजूला करून बघा, तेवढं पुरे. वर ‘भादरायचं नाही’ असं लिहून, खाली सही ठोकून, कागद पिंजऱ्याला लावला.

मर्लने बोटांनी दोनदा बघितलं. त्या केसांच्या रानात बोट शिरायचं आणि तिथेच हरवायचं. दुपारी दोनच्या सुमारास सुलतान श्वास सोडताना कण्हायला लागला. हिरड्यांचा गुलाबी रंग गेला. तिने फिनला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, औषध लागू पडेपर्यंत कुत्रा आधी खालावतोच. हे खोटं नव्हतं. असं अर्धं खरं सांगणाऱ्यांचा तिला फार राग यायचा.

तो मांजरीच्या ऑपरेशनला आत गेला. मर्लने सुलतानच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, मशीन चालू केलं आणि पहिला पट्टा मानेपासून शेपटीपर्यंत सरळ ओढला, म्हणजे मागे फिरायची सोयच उरू नये.

एक बाजू साफ झाली. काही नाही. पोट झालं. काही नाही. तेवढ्यात फिन बाहेर आला.

“मर्ल, हे काय केलंत?”

“अर्धं केलंय. अर्धं राहिलंय.”

“मी लिहून दिलं होतं.”

“वाचलं मी. तेवढं येतं मला.”

फिनचे कान लाल झाले. मशीन बंद करा, घरी जा, उद्या आपण बोलू, असं तो म्हणाला. मग विचारलं, “काही सापडलं तरी का?”

“अजून नाही.”

“आणि नाहीच सापडलं तर?”

“तर उद्या माझ्या जागी दुसरी बघ. पण आत्ता हा मास्क धर, राजा, नुसता खांबासारखा उभा राहू नकोस. अर्धा सोललेला कुत्रा कुठल्या प्रदर्शनात नेणार आहात?”

फिनने मास्क धरला.

शेपटीखालच्या घडीत ती बसली होती, वाटाण्याएवढी, राखाडी, पिऊन फुगलेली. मर्लने दिवा जवळ ओढला आणि चिमटा फिनच्या हातात दिला.

मंगळवारी हिरड्या गुलाबी झाल्या. बुधवारी सुलतान मान उचलून पाणी प्यायला, आणि त्याच दुपारी पिंकॉम्बबाई आल्या. सोललेल्या बटाट्यासारखा कुत्रा बघून त्यांना आधी तो आपला आहे हेच पटेना. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा दवाखाना हादरला. फिन घसा साफ करून म्हणाला की हा सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय होता.

“नव्हता,” मर्ल म्हणाली. “मी केलं. याने नको म्हणून लिहून दिलं होतं.” आणि दुसरी गोचीड घातलेली बाटली टेबलावर ठेवली.

बाईंनी बाटलीकडे बघितलं, पण माघार घेणाऱ्यांतल्या त्याही नव्हत्या. “मला विचारायला हवं होतं.”

“विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात.”

“मी तक्रार करणार आहे.”

मर्लने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. “मर्ल ॲडलेड टकवेल. पूर्ण लिहा, अर्धं नाव मला चालत नाही. आणि लिहून झालं की आत या. उघड्या कातडीला ऊन बाधतं, मलम कसं लावायचं ते दाखवते.”

पिंकॉम्बबाईंनी बसून पानभर तक्रार लिहिली, खाली सही केली. मग बाह्या वर सारून आत गेल्या.