डेपोतली नर्स

"उतरा ताई, शेवटचा थांबा आला," ड्रायव्हर भोंगा मागे न बघताच म्हणाला.

नर्स उतरली नाही. बस रिकामी झाली तरी ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तशीच बसून होती. रक्तदाब मोजायचं यंत्र तिच्या मांडीवर होतं. डेपोतल्या तिच्या खोलीत हा माणूस चार महिन्यांत एकदाही फिरकला नव्हता, म्हणून आज तीच त्याच्या गाडीत येऊन बसली होती.

"गाडी परत निघायला वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "त्यातली दहा मला द्या."

"मला काय धाड भरलीय? अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतोय, एक दिवस आजारपणाची रजा नाही!"

त्याचा आवाज असा की गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं. भोंगा हे नाव त्यावरूनच पडलेलं. पण तो का ओरडतोय हे नर्सला पुरतं ठाऊक होतं. डेपोत चौसष्ट ड्रायव्हर होते आणि तिच्यासमोर बाही वर केली होती ती अवघ्या नऊ जणांनी. आकडा जास्त निघाला की स्टिअरिंग सुटलं, आणि स्टिअरिंग सुटलं की नोकरी सुटली, असा सगळ्यांचा पक्का समज होता. समज चुकीचा होता असंही नाही.

"त्रास होत नाही तोवरच बघायचं असतं दादा," ती म्हणाली. "त्रास व्हायला लागला की लोक आपण होऊनच दवाखान्यात जातात. त्यांना माझी काय गरज?"

भोंग्याने घड्याळ बघितलं, एक शिवी ओठातच गिळली आणि मागच्या सीटवर येऊन बसला. तिने त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं, मग दंडाला पट्टा गुंडाळला. दोनशे दहा आणि एकशे चोवीस. तिने दुसऱ्या हाताचाही रक्तदाब घेतला. तोही जवळपास तितकाच.

"किती?"

तिने आकडे सांगितले.

"लिहू नका," तो एकदम खालच्या पट्टीत म्हणाला. "ताई, पाया पडतो. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे."

"लिहिणार. आणि ही गाडी तुम्ही परत नेणार नाही."

खाली थांब्यावर माणसं जमली होती. एक बाई कडेवरचं मूल सावरत दार उघडण्याची वाट बघत होती. भोंग्याने तिच्याकडे आणि कडेवरच्या त्या मुलाकडे बघितलं. मग त्याने स्वतःच डेपोला फोन लावला. "दुसरा ड्रायव्हर पाठवा. माझी तब्येत बरी नाही." अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं.

त्याच दुपारी नर्सने त्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, तंबाखू बंद झाली, ताटात वरून मीठ घेणं बंद झालं. इथपर्यंत सोपं होतं. अवघड होते ते डेपोचे साहेब.

"गाडी चालवता येत नाही तर ड्रायव्हर कशाला ठेवू?" ते म्हणाले.

"दोन महिने चौकशीच्या खिडकीवर बसवा. रक्तदाब आटोक्यात आला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं की परत गाडीवर."

"नियमात बसत नाही."

"मग नियमात बसवा, साहेब. नाहीतर बाकीचे चोपन्न जण लपवत राहतील. त्यातला एखादा भर रस्त्यात, भरलेल्या गाडीसकट कोसळला, तर तेव्हा कुठला नियम काढाल?"

साहेबांनी तिला बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी ती लेखी अर्ज घेऊन परत गेली, तिसऱ्या दिवशीही. बाकावर बसून ती तिथेच आपली कागदपत्रं लिहायची. चौथ्या दिवशी साहेब वैतागून म्हणाले, "द्या तो अर्ज इकडे!"

भोंगा दोन महिने खिडकीवर बसला. पहिले पंधरा दिवस तो नर्सशी एक अक्षर बोलला नाही. ती दिसली की तोंड फिरवायचा. पण डेपोतले सगळे डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत होते. नवव्या आठवड्यात, एकशे बत्तीस आणि चौऱ्याऐंशीवर, तो पुन्हा आपल्या गाडीवर चढला. त्याच आठवड्यात नर्सच्या खोलीबाहेर रांग लागली. चौसष्टपैकी एकोणीस जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. एकाचीही नोकरी गेली नाही.

वर्ष उलटलं. एका दुपारी खोलीच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, चालून आल्याने दम लागलेला.

"मी भोंग्याची बायको."

आभार मानायला आली असेल, असं वाटून नर्सने हसून खुर्ची पुढे केली. बाई बसली. इकडेतिकडे न बघता तिने बाही वर सारली.

"ह्यांचं ते मशीन मलाही लावून बघता का? सकाळी उठलं की डोकं जड असतं. ते गोळी घेतात, मी आठवण करून देते. ताटात जे ते खातात तेच मीही खाते इतकी वर्षं. पण मला कुणी विचारलंच नाही."

नर्सचं हसू जागच्या जागी विरलं. चौसष्ट घरं, आणि तिने प्रत्येक घरातला एकच माणूस मोजला होता.

पाच मिनिटांनी तिने पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट आणि अठ्ठ्याण्णव. तिने रजिस्टर उघडलं, पण त्यात ड्रायव्हरच्या बिल्ला क्रमांकाखेरीज कशालाच जागा नव्हती. तिने ते उलटं केलं, मागचं कोरं पान काढलं आणि पट्टीने सावकाश रेघा आखल्या.

"नाव सांगा."

बाईने नवऱ्याचं नाव सांगितलं.

"ते आहे माझ्याकडे. तुमचं सांगा."

बाईने पदर सारखा केला. मग खुर्चीत ताठ बसून तिने आपलं नाव सांगितलं, आणि नर्सने ते पहिल्या ओळीत, पूर्ण लिहिलं.